पेट्रोलच्या झाकणावर लाखेचं सील

मंगळवार, ३ मार्च

गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हणे.

सकाळी टिकलीला शाळेत सोडून परत आलो तर सूनबाई दारातच उभी. तिने गाडीचं मागचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि नाक दाबून मागे सरली. "बाबा, केवढा वास येतोय! तुम्हाला येत नाही?" मी मागे बसून पाहिलं, पुढे बसून पाहिलं, काचा वर करून पाहिलं. काही नाही. जुन्या गाडीला म्हणून जो एक वास असतो, तोसुद्धा नाही.

हे नाक कोणाचं आहे याचा तिला विसर पडलेला दिसतो. नोकरीत मी विमा कंपनीकडून जळालेली गोदामं आणि गाड्या तपासायला जात असे. राखेजवळ वाकून, आग लागली की लावली, हे हुंगून सांगायचो. मोठमोठे व्यापारी या नाकाला टरकून असत. त्या नाकाला ही कालची पोर सांगते, वास येतो!

टिकली म्हणजे माझी नात, दुसरीतली. खरं नाव भारदस्त आहे, पण अंगाने एवढीशी, म्हणून टिकली. आज वाटेत मळमळतं म्हणत होती. सकाळी दूध घटाघटा प्यायचं आणि मग मळमळतं म्हणायचं.

गुरुवार, ५ मार्च

प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही.

टिकली काल शाळेच्या फाटकाशी उतरता उतरता ओकली. रात्री जेवताना चिरंजीवांनी तोंड उघडलं.

"बाबा, वास जाईपर्यंत टिकली गाडीत बसणार नाही. मी सोडीन तिला स्कूटरवरून."

"तुला आला वास?"

"आला ना."

"कधीपासून?"

"झाले असतील बरेच दिवस."

"मग इतके दिवस तोंडात काय मूग धरले होतेस?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मी नोकरीत शेकडो जबाब घेतले आहेत. साक्षीदार उत्तर देण्याआधी दुसऱ्या साक्षीदाराकडे बघतो, तेव्हा जबाब पढवलेला असतो. मग म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो." व्वा. आणि आता वाटणार नाही वाटतं?

टिकलीला शाळेत सोडणं हे दिवसातलं माझं एकमेव काम आहे. बायको गेली, नोकरी संपली, मित्र एकेक करून कुठे कुठे पांगले. सकाळच्या त्या फेरीत टिकली मागून एकसारखी बोलत असते. कोणाचं कोणाशी भांडण झालं, बाई कोणावर ओरडल्या, मुंगी झोपते का. तेवढ्यासाठी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसतो. ते काढून घेतलं तर मी उठू कशाला? हे तोंडाने कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

हेतू काय असावा? वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्याने नवी गाडी घेतली आहे. ती उन्हात उभी असते आणि आमची सावलीत. "काका, अजून किती दिवस चालवणार ही?" असं त्याने मला दोनदा विचारलंय. चिरंजीव आणि तो रविवारी जिन्यात बराच वेळ बोलत होते. मला पाहून गप्प झाले. पाणी कुठेतरी मुरतंय खास.

शुक्रवार, ६ मार्च

गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला जाडजूड, बोलका, सतत काहीतरी चघळणारा माणूस. मी खाली उतरतोय तोच म्हणाला, "पेट्रोल मारतंय की हो काका."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं! मी विचारलं, "माझ्या मुलाचा फोन आला होता का?" तर म्हणतो, "हो, सकाळीच." बघा.

बॉनेट उघडून त्याने पुढचा एक रबरी पाइप बदलला. जुना पाइप मला दाखवून म्हणाला, "हा बघा, कडक झालाय. विषय संपला." कडक झाला होता हे खरं. पण मीही कडक झालोय, म्हणून काय गळतो?

सोमवार, ९ मार्च

विषय संपला नाही. सूनबाई म्हणते वास तसाच आहे. चिरंजीव म्हणतात तसाच आहे. टिकली नुसती माझ्याकडे बघते. पढवलेल्यांत ती नसावी, एवढी आशा आहे.

घरातली वागणूकही बदलली आहे. मी चहा करून स्वयंपाकघरातून बाहेर पडलो की सूनबाई लगेच आत जाते. रोज. काय करते देव जाणे. पाळत ठेवते, दुसरं काय. गेल्या आठवड्यात मी ओट्याशेजारी पेपर वाचत होतो, तर ही बाहेरच्या खोलीतून "दूध, दूध!" करत धावत आली. दूध जरासं लागलं होतं. पातेल्याकडे माझी पाठ होती, मला कसं कळणार? पण तिने असं पाहिलं, जणू मी घर पेटवलं.

तिच्या हातचं जेवणही पार बिघडलं आहे. थंडीत मला तो मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून ती माझ्या ताटात पथ्याचं वाढते असा माझा दाट संशय आहे. भाजी कुठलीही असो, सगळ्या एकाच माळेचे मणी. विचारलं तर म्हणते, "सगळ्यांना एकच केलंय, बाबा." चिरंजीव तीच भाजी मिटक्या मारत खात होते. नवरा आहे, करणार काय बिचारा.

गुरुवार, १२ मार्च

आता पुरावा गोळा करायचा ठरवलं.

वास खरा असेल तर तो कोणीतरी करत असला पाहिजे. टाकीचं झाकण सैल करून ठेवणं, मागच्या गालिच्यावर चार थेंब शिंपडणं, अवघड काय आहे? असे प्रकार मी नोकरीत ढिगाने पाहिलेत. संशयित मालाला आम्ही सील ठोकायचो. लाखेची एक कांडी अजून माझ्या पेटीत आहे.

आगी पाहिलेला माणूस पेट्रोलजवळ काडी ओढत नाही. लाख स्वयंपाकघरात जुन्या डावात वितळवली आणि डाव रुमालात धरून खाली नेला. झाकणाभोवती सही केलेली कागदाची पट्टी चिकटवली, कडेने लाख ओतली. झाकणाच्या मधोमध एक बारीकसं छिद्र सापडलं. चोराला छिद्र म्हणजे राजरस्ता. तेही लाखेने बुजवलं. वर कोटाचं बटण दाबून ठसा उमटवला. काम झकास झालं. नोकरीत असतो तर साहेबाने पाठ थोपटली असती.

वर आलो तर सूनबाई खिडक्या उघडत होती. "बाबा, काय जाळलंत? घरभर वास सुटलाय!" मी म्हणालो, "तुला तर सगळीकडेच वास येतात."

शनिवार, १४ मार्च

सील शाबूत आहे. आणि तरी काल दुपारपासून वास वाढला म्हणतात! जिन्यापर्यंत येतो म्हणे. बँकवालाही नाक मुरडत खाली आला, "काका, उन्हाळ्यात काही भडकायचं हं," म्हणाला. म्हणजे तोही सामील.

झाकणाला कोणी हात लावलेला नाही, सही जिथल्या तिथे, आणि वास मात्र दुप्पट. याचा अर्थ एकच. वास नाहीच. पकडले जाऊ या भीतीने हे आवाज चढवत आहेत. हात दाखवून अवलक्षण. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी दोन कप चहा प्यालो.

टिकली खोलीत आली. "आजोबा, डोळे मिटा. ओळखा काय आहे." नाकाखाली काहीतरी ओलसर धरलं. मी म्हणालो, काकडी. "अंहं." मग म्हणालो, ओला खडू. डोळे उघडले तर संत्र्याचं साल.

"आईने शिकवला हा खेळ?"

"नाही. माझा मीच."

मग माझ्या मांडीला टेकून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही हं."

काय सांगणार नाही? विचारलं तर पळाली. कोड्यात बोलायला शिकली आहे. आईवर गेली.

मंगळवार, १७ मार्च

आज भर दुपारी एकटाच पेट्रोल भरायला गेलो. झाकण उघडणं भाग होतं, म्हणून सील माझ्या हाताने फोडलं. झाकण फिरवताच फुस्स करून एवढ्या जोराने हवा सुटली की पंपावरचा माणूस दोन पावलं मागे उडाला. "काका, टाकीत भूत कोंडलंय का?"

घरी येऊन पुन्हा सील केलं खरं, पण ते फुस्स डोक्यातून जात नाही. मी स्वतः बंद केलेल्या टाकीत एवढा दाब आला कुठून? हा आवाज कोणी पढवलेला नव्हता. पंपावरच्या माणसाला माझ्या मुलाचा फोन गेला असणं शक्य नाही. हा एक मुद्दा माझ्या बाजूने बसत नाही, आणि न बसणारा मुद्दा झाकून ठेवण्याची मला सवय नाही.

उद्या कोणाला न सांगता गॅरेजवर धडकणार आहे. बघू, न पढवता काय बोलतो.

बुधवार, १८ मार्च

हे लिहावंसं वाटत नाही. तरी क्रमाने लिहितो.

गॅरेजवाल्याने झाकण पाहिलं आणि चघळायचं थांबला. "ही मेणबत्ती कोणी लावली?"

"लाख आहे. मी लावली."

"कशाला?"

"पुरावा राहावा म्हणून."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाला, "अहो काका, उन्हाळ्यात टाकी तापते, पेट्रोलची वाफ होते. तिला श्वास सोडायला हे छिद्र असतं या जुन्या झाकणांना. तुम्ही तिचं नाक दाबलंत. मग ती तोंड शोधणार, नाही का?"

"दुसरीकडे तोंड आहे हे कशावरून?"

"आहे म्हणून तर वास येतोय. मी गेल्या वेळी पुढेच बघत बसलो, मागे बघितलंच नाही. साफ चुकलं माझं."

"पुरावा दाखव."

"चला, दाखवतो."

त्याने बॅटरीची वायर काढली, चारी दारं उघडली. मग कोपऱ्यातून एक लहानसं यंत्र आणलं. त्यात तेलाचा पांढरा, गार धूर तयार होतो, आणि गाडीच्या पाइपांमधून तो हळूहळू सोडतात. जिथे फट असेल तिथून धूर बाहेर पडतो. टाकीकडे जाणाऱ्या एका नळीतून त्याने धूर सोडला. झाकण लावून छिद्रावर चिकटपट्टी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मीही तुमच्यासारखाच."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी म्हणणारच होतो, बघ. तेवढ्यात मागच्या सीटच्या पाठीमागून, डाव्या कोपऱ्यातून, पांढऱ्या धुराचा बारीक दोरा वर आला. मग जाड झाला. सीटवर पसरला, काचेपर्यंत चढला.

डाव्या कोपऱ्यात टिकली बसते. तिथून तिला चौकातला फुगेवाला दिसतो.

धुराला कोणी फोन केला नव्हता. मी तो धूर जिरेपर्यंत बघत उभा राहिलो. पेट्रोलच्या वाफेने भरलेल्या बंद गाडीत एक ठिणगी पडली तर काय उरतं, हे मी आयुष्यभर कागदावर लिहीत आलो. आणि माझी नात तिथे बसून मला मुंगी झोपते का विचारत होती.

त्याने डिकीतलं अस्तर उपसलं. टाकीच्या तोंडाशी येणाऱ्या जाड पाइपाला लागून एक बारका पाइप होता, वाफेचा. त्याला आतल्या वळणावर लांबलचक चीर. कापून काढला, माझ्या हातात दिला. "हुंगून बघा, डोकं फिरेल." पाइप ओला होता. बोटांना थंड लागत होता.

मी तो नाकाला लावला. पाण्याने धुतलेला असता तर जेवढा वास आला असता, तेवढाच आला.

"आला?" तो म्हणाला.

"हं," मी म्हणालो.

शुक्रवार, २० मार्च

दुपारी घरात कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडला. कॉफी. लसूण सोलून बोटांवर चुरडला. कांदा चिरला, डोळ्यांतून पाणी आलं, नाकात काही नाही. न्हाणीघरातलं फिनेल उघडलं. शेवटी हिच्या कपाटात राहिलेली अत्तराची कुपी काढली. ती कुपी मी कधी कधी उघडायचो. ताप येऊन गेल्यापासून उघडली नव्हती. झाकण काढून नाकाशी धरली आणि बराच वेळ तसाच बसलो. हिचं तेवढं उरलं होतं, तेही गेलं.

घरात कोणी खोटं बोलत नव्हतं. सूनबाई पथ्याचं वाढत नव्हती. मला भीती वाटते आहे.

शनिवार, २१ मार्च

गाडी आली. नवा पाइप, नव्या पट्ट्या, नवं झाकण. गॅरेजवाल्याने पुन्हा धूर सोडून दाखवला, कुठूनही आला नाही. सगळे खाली जमले. दिवसभर उन्हात ठेवून, काचा बंद करून, मग एकेकाने आत डोकं घातलं. चिरंजीव म्हणाले, "गेला!" बँकवालासुद्धा वाकून हुंगून गेला आणि "छान झालं, काका," म्हणाला. त्याला आमची सावलीतली जागा नको होती बहुतेक. किंवा हवीही असेल, पण तो वेगळा गुन्हा झाला.

मग मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही बघा. तुमच्या नाकाचा निकाल शेवटचा."

मी आत डोकं घातलं. श्वास घेतला. "नाही येत," म्हणालो. सगळे हसले. टिकली हसली नाही.

"सोमवारपासून तुम्हीच सोडा हिला," तो म्हणाला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. किल्ली समोर टेबलावर आहे. टिकली बोलणार नाही, तिने शब्द दिला आहे. मीही बोललो नाही तर कोणाला कळणार? गाडी आता ठीक आहे. पण रबर आहे, पुन्हा कधीतरी चिरेल. तेव्हाही मी "नाही येत" असंच म्हणेन आणि तिला डाव्या कोपऱ्यात बसवून दार लावेन. या सगळ्या प्रकरणात विश्वास ठेवू नये असा माणूस एकच निघाला.

रविवार, २२ मार्च

सूनबाई कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत उभा राहिलो. हे काम मी कधी करत नाही, त्यामुळे तिलाच संशय आला.

"काय झालं, बाबा?"

"मला वास येत नाही."

"गेलाच ना तो आता."

"पेट्रोलचा नाही. कशाचाच."

तिने हातातला टॉवेल परत बादलीत टाकला. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. दूध जळलं त्या दिवसापासून. दोनदा गॅस नुसताच चालू राहिला होता, विझलेला. म्हणून तुमच्या मागोमाग जाते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही पुरावा मागितला असता." ती थोडी हसली, आणि तिचे डोळे भरले. "आणि ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी किल्ली परत दिलीच नसती. तुम्ही त्या फेरीसाठी किती लवकर उठून बसता, मला दिसत नाही का?"

मी या मुलीबद्दल गेले तीन आठवडे जे काही लिहिलं आहे ते ती कधी वाचणार नाही, अशी आशा आहे. पानं मात्र फाडणार नाही. फाडलेलं पान पाहिलं की मला लगेच संशय येतो.

किल्ली तिच्या हातात दिली. म्हणालो, "आता तू ठरव. नवऱ्यालाही सांग. तो नाही म्हणाला तर नाही." ती मुलाशी बराच वेळ बोलली. मी दाराला कान लावला नाही. लावावासा वाटला होता.

उद्यापासून असं ठरलं: नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. गॅसचं बटण बंद करून मी कोणाला तरी हाक मारायची. आणि गाडी निघण्याआधी रोज सूनबाई आत बसून बघेल. ती जा म्हणाली तरच जायचं.

सोमवार, २३ मार्च

इस्त्रीचा शर्ट घातला. टिकली दप्तर घेऊन फुटपाथवर उभी. सूनबाई मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, दार लावून घेतलं, काचा वर केल्या. आतून ती डोळे मिटून श्वास घेताना दिसत होती. मी काचेबाहेर उभा. इतका वेळ घेतला की मला वाटलं, आला वाटतं. मग वाटलं, नसेल आला तरी आला म्हणेल. मग वाटलं, आला असेल तरी माझ्याकडे बघून नाही म्हणेल. तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. काचेवर ऊन होतं, काही दिसेना.

दार उघडून ती खाली उतरली. "काही नाही. जा, बाबा."

नोकरीत कोणाच्या नुसत्या तोंडी जबाबावर मी कधी सही केली नाही. वाकून पुन्हा एकदा स्वतः हुंगावं म्हणून डोकं आत घातलं, आणि तसंच बाहेर काढलं.

टिकलीला बसवलं, दार लावलं आणि गाडी काढली.